फ्रेंचमधली धातुरूपांची नावं इंग्रजीत नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पत्रा, पट्टी, सळई, तार, नळी, लगड, तुळई. धातू कारखान्यातून ज्या रूपात बाहेर पडतो, त्या रूपांची फ्रेंच नावं इंग्रजीत नेणाऱ्यांसाठी हे पान आहे. फ्रेंच शब्द उच्चाराप्रमाणे लिहून एकेरी अवतरणचिन्हांत ठेवले आहेत. म्हणजे इथला ‘तोल’ हा फ्रेंच पत्रा आहे, मराठीतला तोल नव्हे. इंग्रजी शब्द अवतरणाशिवाय, नेहमीसारखे लिहिले आहेत.

चांगला फ्रेंच-इंग्रजी शब्दकोश हाताशी असताना हे शब्द का अडतात?

कारण धातुरूपाचं नाव एका गोष्टीवरून ठरत नाही. आडव्या छेदाचा आकार, मापं, माल कोणत्या प्रक्रियेतून आला ते, आणि तो सरळ लांबीत मिळतो की गुंडाळी करून, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. फ्रेंच आणि इंग्रजी दोघीही हेच बघतात, पण रेघ वेगवेगळ्या ठिकाणी ओढतात. एके ठिकाणी फ्रेंचचा एक शब्द इंग्रजीत दोन होतो, दुसरीकडे फ्रेंचचे तीन शब्द इंग्रजीत एकाच शब्दात जाऊन बसतात. शब्दकोश शक्यता दाखवतो. त्यातली कोणती घ्यायची हे समोरचा आराखडा, मापांचा तक्ता किंवा मालाची यादी सांगते. म्हणून प्रतिशब्द शोधण्याआधी वस्तू ओळखावी लागते.

‘तोल’ म्हणजे शीट की प्लेट?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर जाडी कळल्याशिवाय देता येत नाही. फ्रेंचमध्ये पातळ पत्रा आणि जाड पाट दोन्ही ‘तोल’च. गरज पडली तर विशेषण लावतात: पातळ असेल तर ‘तोल मँस’ किंवा ‘तोल फीन’, जाड असेल तर ‘तोल फोर्त’ किंवा ‘तोल एपेस’. मापं शेजारीच लिहिलेली असली की फ्रेंच लेखकाला विशेषणाची गरज वाटत नाही. इंग्रजीत मात्र शीट आणि प्लेट हे वेगळे माल आहेत. त्यांचे भाव वेगळे, मानकं वेगळी आणि कित्येकदा पुरवठादारही वेगळे.

सीमा कुठे आहे ते धातूवर आणि देशावर अवलंबून आहे. पोलादाच्या बाबतीत युरोपीय मानक ३ मिमीवर रेघ ओढतं: त्याखाली शीट, ३ मिमी किंवा त्याहून जाड ती प्लेट. अमेरिकी पद्धतीत ही सीमा रुंदीप्रमाणे बदलते. ४८ इंचांहून रुंद मालासाठी ती ०.१८० इंच, म्हणजे सुमारे ४.६ मिमी आहे. त्याहून अरुंद मालासाठी ०.२३० इंच, म्हणजे सुमारे ५.८ मिमी. ॲल्युमिनियमचं गणित निराळंच. युरोपात ६ मिमीपर्यंत शीट आणि त्यापुढे प्लेट, अमेरिकेत पाव इंचापासून प्लेट. आणि ॲल्युमिनियम ०.२ मिमीपर्यंत पातळ झालं की युरोपीय व्याख्येत ते फॉइल होतं.

यावरून ४ मिमी जाडीच्या ‘तोल’चं काय होतं ते बघा. पोलाद असेल आणि वाचक ब्रिटिश असेल तर प्लेट. पोलादच, पण वाचक अमेरिकी असेल तर शीट. ॲल्युमिनियम असेल तर दोघांसाठीही शीट. फ्रेंच शब्द तिन्ही ठिकाणी एकच. जाडी दिलेलीच नसेल तर शीट अँड प्लेट असा जोडशब्द लिहावा. व्यापारात तो सर्रास चालतो आणि त्यात काही खोटं नसतं.

‘फ्युयार’, ‘बांद’ आणि ‘बोबीन’ यांत फरक काय?

‘बांद’ म्हणजे लांबलचक सलग पट्टा, इंग्रजीत स्ट्रिप. ‘फ्युयार’ ही अरुंद पट्टी, आणि इथली सीमा रुंदीची आहे: ६०० मिमीपेक्षा कमी. नेमकेपणा हवा असेल तिथे नॅरो स्ट्रिप लिहा. ६०० मिमी आणि त्याहून रुंद असेल तर ‘लार्ज बांद’, इंग्रजीत वाइड स्ट्रिप. ‘बोबीन’ हे मालाचं नाव नसून गुंडाळीचं आहे, म्हणजे कॉइल. पण ‘बोबीन’ तारेची असेल तर ती स्पूलही असू शकते. शिवाय विजेच्या उपकरणातल्या वेटोळ्यालाही ‘बोबीन’च म्हणतात, म्हणून आजूबाजूचं वाक्य वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

‘फ्युयार’चा आणखी एक अर्थ आहे. पेट्या आणि गठ्ठे आवळून बांधायची पोलादी पट्टी म्हणजे ‘फ्युयार द सेर्कलाज’, इंग्रजीत स्ट्रॅपिंग. पॅकिंगच्या सूचनांमध्ये नुसता ‘फ्युयार’ आला तर बहुधा हीच अभिप्रेत असते.

‘फिल माशीन’ ही यंत्राची तार आहे का?

नाही. ही वायर रॉड आहे. तापलेलं पोलाद लाटून, गरम असतानाच अस्ताव्यस्त वेटोळ्यांत गुंडाळलेला हा माल असतो, साधारणपणे ५ मिमीपासून पुढच्या व्यासाचा. तो पुढे साच्याच्या भोकातून थंड ओढला की त्याची खरी तार होते आणि मग त्याला नुसतं ‘फिल’, म्हणजे वायर म्हणतात. कच्चा माल आणि तयार माल असा हा फरक असल्यामुळे इथली चूक महागात पडते. जकातीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ही दोन्ही रूपं वेगवेगळ्या शीर्षकांखाली येतात: साध्या पोलादाचा ‘फिल माशीन’ ७२१३ मध्ये आणि तार ७२१७ मध्ये. ७२१३ चं इंग्रजी शीर्षक तर वायर रॉड हा शब्द वापरतच नाही. अनियमित वेटोळ्यांत गुंडाळलेल्या, गरम लाटलेल्या सळ्या असं वर्णन करतं. जकातीच्या कागदपत्रांत तेच वर्णन जसंच्या तसं वापरावं.

‘फेर’ म्हणजे लोखंड. मग ‘फेर प्ला’चं भाषांतर आयर्नने का करायचं नाही?

कारण तो आज पोलादाचाच असतो. नाव जुनं राहिलं आणि धातू बदलला. ‘फेर प्ला’ म्हणजे फ्लॅट बार, ‘फेर आ बेतों’ किंवा ‘रों आ बेतों’ म्हणजे काँक्रीटमधली सळई, इंग्रजीत रीइन्फोर्सिंग बार किंवा रीबार. बांधकामाच्या नकाशांवर ‘एचए १२’ असं दिसतं. तिथे ‘ओत आदेराँस’ म्हणजे काँक्रीटला घट्ट धरणारी, अंगावर उभार असलेली १२ मिमी व्यासाची सळई सांगितलेली असते. तिला ब्रिटिश इंग्रजीत रिब्ड बार, अमेरिकेत डिफॉर्म्ड बार म्हणतात. हाय ॲडहेजन बार असा शब्दशः अनुवाद वाचणाऱ्या अभियंत्याला अर्थ लागेल, पण त्याचा मजकुरावरचा विश्वास कमी होईल.

‘फेर-ब्लाँ’ तर उघड सापळा आहे. शब्दशः पांढरं लोखंड, प्रत्यक्षात कथिलाचा मुलामा दिलेला पातळ पोलादी पत्रा, म्हणजे टिनप्लेट. इंग्रजीत व्हाइट आयर्न म्हणतात ती वेगळीच वस्तू आहे: बिडाचा एक कठीण, ठिसूळ प्रकार, फ्रेंचमध्ये ‘फोंत ब्लांश’.

मग ‘फोंत’ म्हणजे नेहमी बीडच का?

तयार भागाबद्दल बोलणं चालू असेल तर हो, कास्ट आयर्न. ‘फोंत ग्रीज’ म्हणजे ग्रे आयर्न. ‘फोंत जीएस’ या अक्षरांत गोलाकार ग्रॅफाइट दडलेलं आहे. त्याला अमेरिकेत डक्टाइल आयर्न आणि ब्रिटनमध्ये एसजी आयर्न म्हणण्याची पद्धत आहे. झोतभट्टीतून निघालेल्या कच्च्या ‘फोंत’ला मात्र पिग आयर्न म्हणतात. आणि क्रिया म्हणून ‘फोंत’ आला तर तो वितळणं किंवा वितळवणं असतो.

याच कुटुंबातला ‘मुले’ हा शब्दही जपून हाताळावा. ‘आसिए मुले’ म्हणजे कास्ट स्टील, ‘पिएस मुले’ म्हणजे कास्टिंग. मोल्डेड हा शब्द इंग्रजीत प्लास्टिक आणि रबराकडे जातो. धातूच्या ओतीव भागाला तो लावला की वाचक भलत्याच कारखान्यात पोचतो.

ओढणं, दाबणं, ठोकणं यांची नावं सर्वांत जास्त गोंधळात टाकतात. ती कशी सोडवायची?

इथे थोडा जास्त वेळ द्यायला हवा, कारण रूपाचं नाव पुष्कळदा क्रियेच्या नावातूनच आलेलं असतं.

इंग्रजीतला ड्रॉइंग हा शब्द फ्रेंचमध्ये तीन क्रियांत विभागला आहे. तार बारीक करण्यासाठी ती साच्याच्या भोकातून ओढणं म्हणजे ‘त्रेफिलाज’, इंग्रजीत वायर ड्रॉइंग. सळई किंवा नळी सरळ लांबीत तशीच ओढणं म्हणजे ‘एतिराज’, इंग्रजीत बार ड्रॉइंग किंवा ट्यूब ड्रॉइंग. यादीत ‘एतिरे आ फ्र्वा’ दिसलं की कोल्ड ड्रॉन लिहा. तिसरी क्रिया यांपेक्षा पार वेगळी आहे. सपाट पत्र्याचा तुकडा ठोशाने साच्यात ढकलून त्याचा खोलगट भाग करणं म्हणजे ‘आंबुतिसाज’. भांड्यासारखा खोल भाग असेल तर डीप ड्रॉइंग. मोटारीच्या दारासारखा उथळ भाग असेल तर प्रेसिंग किंवा स्टॅम्पिंग. उलट दिशेने, म्हणजे इंग्रजीतून फ्रेंचमध्ये जाणाऱ्यांना नुसत्या ड्रॉनवरून यांतली कोणती क्रिया ते कळत नाही. फ्रेंचमधून येणाऱ्यांना ते कळलेलं असतं, तर ती माहिती वाटेत सांडू नये. वायर, ट्यूब किंवा डीप हा शब्द आवर्जून जोडावा.

पुढचा अडथळा ‘फिलाज’. कापड उद्योगात ‘फिलाज’ म्हणजे सूतकताई, इंग्रजीत स्पिनिंग, आणि सर्वसाधारण शब्दकोशात तोच अर्थ आधी येतो. धातुकामात ‘फिलाज’ म्हणजे तापवलेला धातू दाबाने साच्याच्या छिद्रातून बाहेर काढणं, इंग्रजीत एक्स्ट्रुजन. खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटी अशाच बनतात. आता मेटल स्पिनिंग नावाची क्रियाही इंग्रजीत खरोखर आहे: फिरत्या पत्र्यावर हत्यार दाबून त्याला दिव्याच्या छत्रीसारखा गोल आकार देणं. तिला फ्रेंचमध्ये ‘रपुसाज’ किंवा ‘रपुसाज ओ तूर’ म्हणतात. म्हणजे ‘फिलाज’ला स्पिनिंग लिहिलं तर वाक्य व्याकरणाने शुद्ध, ऐकायला खरं आणि अर्थाने पूर्ण चुकीचं होतं. अशी चूक संपादकाच्याही नजरेतून सुटते. त्यातच ‘रपुसे’ हा शब्द पत्र्याच्या मागच्या बाजूने ठोकून उठवलेल्या नक्षीसाठीही आहे आणि इंग्रजीने तो त्याच अर्थाने उचलला आहे. कलाकुसरीचा मजकूर असेल तर तो तसाच ठेवावा. लेथ किंवा फिरकीचा उल्लेख असेल तर स्पिनिंग.

‘एस्तांपाज’ दिसायला स्टॅम्पिंगचा भाऊ वाटतो. यंत्रभागांच्या मजकुरात तो तापलेलं पोलाद दोन साच्यांमध्ये घडवण्याचा प्रकार आहे: क्लोज्ड-डाय फोर्जिंग किंवा ड्रॉप फोर्जिंग. तीच क्रिया पितळ, ॲल्युमिनियम अशा लोहेतर धातूंवर केली की फ्रेंच धातुकर्मी तिला ‘मात्रिसाज’ म्हणतात. इंग्रजी हा भेद करत नाही, दोघांनाही एकच शब्द पुरतो. मात्र धातू कोणता ते भाषांतरात कुठेतरी आलेलं असावं. दागिने किंवा पदकांच्या संदर्भात ‘एस्तांपाज’ खरोखर स्टॅम्पिंग असू शकतो.

राहिला ‘लामिनाज’. हे लाटणं आहे, रोलिंग. ‘लामिने आ शो’ म्हणजे हॉट रोल्ड, ‘लामिने आ फ्र्वा’ म्हणजे कोल्ड रोल्ड. लॅमिनेटेड हा इंग्रजी शब्द थर चिकटवून केलेल्या वस्तूंसाठी आहे; इथे त्याचं काहीच काम नाही. आणि ‘प्रोफिलाज’ म्हणजे सपाट पट्टी रोलांच्या रांगेतून नेत हळूहळू वाकवून आकार देणं, इंग्रजीत रोल फॉर्मिंग.

‘प्रोफिले’ला प्रोफाइल लिहिलं तर चालेल का?

ॲल्युमिनियमच्या युरोपीय मजकुरात चालतं. एक्स्ट्रुडेड प्रोफाइल हा तिथे रुळलेला शब्द आहे. अमेरिकी वाचकासाठी एक्स्ट्रुडेड शेप. बांधकामाच्या पोलादात मात्र ब्रिटिश शब्द सेक्शन आणि अमेरिकी शब्द शेप. पोकळ असेल तर ‘प्रोफिल क्रो’, म्हणजे हॉलो सेक्शन.

त्यातले नेहमीचे प्रकार फारसे अवघड नाहीत. ‘पुत्रेल’ म्हणजे बीम, ‘कोर्निएर’ म्हणजे अँगल, ‘फेर आँ यू’ म्हणजे चॅनेल, ‘ते’ म्हणजे टी, ‘पालप्लांश’ म्हणजे जमिनीत ठोकायची शीट पाइल. ‘प्ला’ म्हणजे फ्लॅट. ‘लार्ज प्ला’ला मात्र वाइड फ्लॅट हे वेगळं नाव आहे: १५० मिमीहून रुंद आणि नेहमी सरळ लांबीत मिळणारा माल. ‘मेप्ला’ फ्लॅट बारही असतो आणि गोल दांड्यावर घासून काढलेला सपाट भागही. यंत्रभागाच्या आराखड्यावर बहुतेक वेळा दुसरा अर्थ असतो.

आयपीई २०० किंवा एचईए २०० यांच्या जागी ब्रिटिश वा अमेरिकी तुळईचं नाव लिहावं का?

कधीही नाही. ही युरोपीय तुळयांची नावं आहेत, आणि असं नाव म्हणजे विशिष्ट मापांची वस्तू. आयपीई २०० ची उंची २०० मिमी, रुंदी १०० मिमी आणि वजन मीटरला २२.४ किलो. तिच्या जवळची अमेरिकी तुळई डब्ल्यू ८ × १५ ही मीटरला सुमारे २२.३ किलो भरते, पण तिची उंची २०६ मिमी आहे आणि पत्र्यांच्या जाड्याही वेगळ्या. वजन जुळलं म्हणून नाव बदललं तर भोकं जुळणार नाहीत, आणि बदल करण्याचा निर्णय अभियंत्याचा असतो, भाषांतरकाराचा नव्हे.

आकड्यांवरून तर्कही करू नये. एचईबी २०० ची उंची खरंच २०० मिमी असते, एचईए २०० ची मात्र १९० मिमी. भाषांतरात नाव तसंच ठेवावं आणि पहिल्यांदा येईल तिथे पुढे बीम किंवा सेक्शन जोडावं, एवढं पुरे.

‘एल’, ‘आम’, ‘समेल’, ‘ब्रिद’ यांतलं फ्लँज कोणतं?

‘आम’ सोडून बाकी सगळी, संदर्भाप्रमाणे. ‘आम’ शब्दशः आत्मा. तुळईत तो मधला उभा पत्रा, इंग्रजीत वेब. ‘एल’ शब्दशः पंख. तुळईचा असेल तर फ्लँज, पण अँगलचा असेल तर लेग. म्हणून ‘कोर्निएर आ एल एगाल’ ही इक्वल-लेग अँगल किंवा नुसती इक्वल अँगल होते. ‘समेल’ हाही तुळईचा फ्लँज, पण खांबाखाली असेल तर तळपट्टी. नळ्या जोडायची बोल्टांची चकती ती ‘ब्रिद’, आणि पत्र्याची काटकोनात वळवलेली कड ती ‘बोर तोंबे’. इंग्रजीत याही दोन्ही फ्लँजच. इंग्रजी वाचक या सगळ्यांना एकाच नावाने ओळखतो, त्यामुळे एकाच पानावर दोन प्रकार आले तर बीम फ्लँज, पाइप फ्लँज असं पूर्ण नाव लिहून त्याची सोय करावी.

‘प्लातीन’ म्हणजे प्लॅटिनम ना?

पुल्लिंगी ‘ल प्लातीन’ असेल तर प्लॅटिनम धातू. स्त्रीलिंगी ‘ला प्लातीन’ असेल तर बसवण्याची पाटी: बेस प्लेट किंवा माउंटिंग प्लेट. मालाच्या यादीत पुष्कळदा आर्टिकल गाळलेलं असतं. तिथे शेजारी भोकांची संख्या किंवा जाडी आहे का बघा.

‘त्यूब’ हा ट्यूब की पाइप?

इंग्रजीत साधारणपणे द्रव वा वायू वाहून नेण्यासाठी, ठरावीक नाममात्र व्यासाने ओळखली जाते ती पाइप; बाहेरचा व्यास आणि भिंतीची जाडी नेमकी सांगून विकली जाते ती ट्यूब. फ्रेंच ‘त्यूब’ दोन्ही पोटात घेतो. डीएन ५० असं लिहिलं असेल तर पाइप समजा; डीएन म्हणजे हाच नाममात्र व्यास. तिचा बाहेरचा व्यास ६०.३ मिमी असतो, ५० नव्हे, म्हणून डीएनच्या जागी मिमी लिहू नये. ‘सां सुद्यूर’ म्हणजे सीमलेस, ‘सुदे’ म्हणजे वेल्डेड.

नक्षीच्या आणि जाळीच्या पत्र्यांची नावं कशी नेतात?

पायऱ्यांवर, फलाटांवर घसरू नये म्हणून उठाव असलेला पत्रा घातलेला असतो. त्यावर तिरक्या रेघांचे चौकोन असतील तर ‘तोल स्त्रिए’, ब्रिटिश इंग्रजीत चेकर प्लेट. अश्रूच्या थेंबासारखे उठाव असतील तर ‘तोल लार्मे’. तिला टिअरड्रॉप पॅटर्न फ्लोअर प्लेट किंवा ट्रेड प्लेट म्हणावं. ‘तोल पेर्फोरे’ म्हणजे परफोरेटेड शीट, ‘तोल ओंद्युले’ म्हणजे पन्हळी पत्रा, कॉरुगेटेड शीट. ‘बाक आसिए’ शब्दशः पोलादी तबक वाटतं. तो छपराचा खाचांचा पत्रा आहे, प्रोफाइल्ड स्टील शीट.

‘मेताल देप्ल्वाये’ हा सगळ्यांत सुंदर शब्द. पत्र्याला ठरावीक अंतरावर चिरा देऊन तो ताणतात, चिरा समभुज चौकोनांसारख्या उघडतात आणि एक कणही वाया न जाता जाळी तयार होते. इंग्रजीत एक्स्पांडेड मेटल. विणलेली किंवा जोडलेली जाळी वेगळी: ‘त्रेयी सुदे’ म्हणजे वेल्डेड मेश, ‘त्वाल मेतालीक’ म्हणजे वायर क्लॉथ, आणि उभ्या पट्ट्यांची पायाखालची जाळी ‘कायबोती’ म्हणजे ग्रेटिंग.

लगडी, ठोकळे आणि बाकी अर्धवट तयार माल?

‘लँगो’ म्हणजे इनगॉट, ‘ब्राम’ म्हणजे स्लॅब, ‘बियेत’ म्हणजे बिलेट, ‘ब्लूम’ दोन्ही भाषांत ब्लूम. स्लॅब सपाट असते, तिच्यापासून पत्रे लाटतात; ब्लूम आणि बिलेट साधारण चौकोनी, त्यांतला बिलेट लहान. ‘लोपँ’ म्हणजे घडवण्यासाठी कापलेला तुकडा, स्लग किंवा फोर्जिंग बिलेट. ‘फ्लाँ’ म्हणजे दाबण्याआधीचा कापलेला सपाट तुकडा, ब्लँक. नाण्याच्या कोऱ्या चकतीलाही हाच शब्द. ‘ब्र्युत द कुले’ म्हणजे ॲज-कास्ट, ‘ब्र्युत द लामिनाज’ म्हणजे ॲज-रोल्ड. ‘न्युमेरो द कुले’ हा मात्र ओतण्याचा क्रमांक म्हणून जसाच्या तसा नेऊ नका: अमेरिकेत हीट नंबर, ब्रिटनमध्ये कास्ट नंबर.

आणि बारीकसारीक रूपं: कीस, भुगा, छर्रे?

‘लिमाय’ म्हणजे कानशीने पडलेला कीस, फाइलिंग्ज. ‘कोपो’ म्हणजे यंत्रावर कापताना निघणाऱ्या वेलांट्या, अमेरिकेत चिप्स आणि ब्रिटनमध्ये स्वॉर्फ. ‘गरनाय’ म्हणजे पृष्ठभागावर मारायचे छर्रे, शॉट. ‘क्लँकाँ’चा शब्दकोशातला चमचमाट विसरा, कार्यशाळेत तो फट भरायचा अतिपातळ पत्रा आहे, शिम स्टॉक. ‘एप्रुव्हेत’ रसायनशाळेत काचनळी असते, पण धातूच्या चाचणी अहवालात ती टेस्ट स्पेसिमेन असते.

रूपाबरोबर ‘त्रांप’, ‘रव्हन्यू’, ‘एता’ असे शब्द येतात. ते कसे घ्यावेत?

पोलादाला पाणी देणं म्हणजे ‘त्रांप’, इंग्रजीत क्वेंचिंग. दिसायला तो टेम्परजवळचा आहे, आणि तिथेच घात होतो, कारण टेम्परिंग ही नंतरची क्रिया. पाणी दिलेलं पोलाद बेताने परत तापवून ठिसूळपणा घालवायचा, त्याला फ्रेंचमध्ये ‘रव्हन्यू’ म्हणतात. तोच शब्द सामान्य भाषेत उत्पन्न या अर्थी येतो. ‘त्रांपे-रव्हन्यू’ या जोडीचं भाषांतर क्वेंच्ड अँड टेम्पर्ड. ‘रक्वी’ म्हणजे अनील्ड, ‘एक्रुई’ म्हणजे थंड कामाने कठीण झालेला, वर्क-हार्डन्ड.

ॲल्युमिनियमच्या यादीत मात्र टेम्पर वेगळ्या वाटेने परत येतो. तिथला ‘एता’ म्हणजे टी ६, एच १४ यांसारखी पुरवठ्याची अवस्था, आणि इंग्रजीत तिचं नाव टेम्परच आहे. स्टेट किंवा कंडिशन लिहिलं तर अर्थ कळतो, पण त्या धंद्यातला माणूस असं लिहीत नाही.

जुन्या फ्रेंच मजकुरातले गेज क्रमांक कसे नेतात?

क्रमांक ठेवा आणि शेजारी मिमी द्या. ‘जोज द पारी’ या जुन्या फ्रेंच तारमापात क्रमांक वाढतो तशी तार जाड होते. ब्रिटिश आणि अमेरिकी मापांत उलट. १६ क्रमांकाची तार पॅरिसच्या मापात २.७ मिमी, ब्रिटिश स्टँडर्ड मापात सुमारे १.६३ मिमी आणि अमेरिकी मापात सुमारे १.२९ मिमी. इंग्रजी वाक्यात नुसतं १६ गेज लिहिलं तर तार निम्म्याच्या आसपास बारीक होते.

याच ओघात दशांशाची खूणही तपासा. फ्रेंचमध्ये दशांशाला स्वल्पविराम असतो, इंग्रजीत टिंब. मापांच्या लांब तक्त्यात एखादा स्वल्पविराम राहून गेला तर दीड मिलिमीटरचं काय वाचलं जाईल ते सांगता येत नाही.

ई २४ किंवा एयू४जी अशी धातूची जुनी नावं बदलायची का?

मूळ नाव ठेवून आजचं नाव जोडायचं. ई २४ च्या जागी आज एस २३५ आहे, ई ३६ च्या जागी एस ३५५. एयू४जी म्हणजे आजचा २०१७ ए मिश्रधातू. त्यात ए ॲल्युमिनियमसाठी, यू तांब्यासाठी आणि जी मॅग्नेशियमसाठी आहे. रासायनिक चिन्हं समजून ती वाचली तर यू युरेनियम होतो. जुना कागद दुरुस्तीसाठी वापरला जाणार असेल तर आजचं नाव समतुल्य आहे असं न म्हणता जवळचं आहे असंच म्हणावं.

ब्रिटिश इंग्रजी घ्यावं की अमेरिकी?

ग्राहकाला पहिल्याच दिवशी विचारा. ॲल्युमिनियमच्या वर्णलेखनापुरता हा प्रश्न नाही. वर आलेलं आहेच: सेक्शन की शेप, कास्ट नंबर की हीट नंबर, आणि ४ मिमीचा ‘तोल’ कोण. आणखी एक उदाहरण: ‘आसिए स्तब’ ही घासून गुळगुळीत केलेली हत्यारी पोलादाची सळई ब्रिटनमध्ये सिल्व्हर स्टील म्हणून मिळते, जरी तिच्यात चांदी नसते, अमेरिकेत तिच्यासाठी ड्रिल रॉड मागावा लागतो.

शब्द तपासायला भरवशाची जागा कोणती?

माझी पहिली पसंती युरोपीय मानकांना. ती इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन अशा तीन अधिकृत भाषांत निघतात, आणि ईएन १००७९ हे मानक तर पोलादी मालाच्या व्याख्यांसाठीच आहे. फ्रेंच आवृत्तीतली व्याख्या आणि इंग्रजीतली व्याख्या एकाच क्रमांकाखाली सापडते. ॲल्युमिनियमसाठी तेच काम ईएन १२२५८ करतं.

दुसरी जागा जकातीचं सुसूत्रित वर्गीकरण, जे १९८८ मध्ये लागू झालं. त्याच्या इंग्रजी आणि फ्रेंच संहिता सारख्याच अधिकृत आहेत. ७२ वं प्रकरण लोखंड-पोलादाचं, ७४ वं तांब्याचं, ७६ वं ॲल्युमिनियमचं. ७२ व्या प्रकरणाच्या सुरुवातीच्या टिपा, आणि तांबं-ॲल्युमिनियमसाठी ही प्रकरणं ज्यात येतात त्या पंधराव्या विभागाच्या सुरुवातीच्या टिपा नीट वाचाव्यात. कोणत्या रूपाला काय म्हणायचं हे मापांसकट तिथे दिलेलं आहे. कॅनडा सरकारचा तेर्मियम, क्वेबेकचा मोठा परिभाषाकोश आणि युरोपीय संघाचा आयएटीई हे तिन्ही उपयोगी आणि फुकट आहेत. पण क्वेबेकची फ्रेंच आणि फ्रान्सच्या गिरणीतली फ्रेंच नेहमी जुळत नाही, म्हणून नोंद कोणत्या क्षेत्राखाली आहे ते बघूनच घ्यावी.

यंत्रानुवादाचा मसुदा घेऊन सुधारला तर?

लांब वर्णनांसाठी वेळ वाचतो. मालाच्या यादीसाठी मी तो वापरणार नाही. यादीत वाक्य नसतं, म्हणून संदर्भ नसतो, आणि ‘प्ला’, ‘फ्लाँ’, ‘बोत’, ‘कुरोन’ अशा सुट्या शब्दांचा घरगुती अर्थ मसुद्यात शिरतो. ‘बोत’ हा बूट नसून सळ्यांचा गठ्ठा, ‘कुरोन’ हा मुकुट नसून तारेचं वेटोळं.

शब्द कुठेच सापडला नाही तर काय करावं?

कारखान्याकारखान्यात स्वतःचे शब्द असतात, त्यामुळे हे होतंच. अशा वेळी प्रतिशब्द घडवू नये. छेद कसा आहे, जाडी-रुंदी किती, कसा बनवला आणि कसा बांधून येतो, हे ग्राहकाला विचारावं, प्रश्नासोबत मूळ ओळ आणि पानाचा क्रमांक द्यावा. उत्तर येईपर्यंत मसुद्यात साधं वर्णन लिहून ठेवावं, जसं की अरुंद, कड गोल केलेली कोल्ड रोल्ड स्ट्रिप. शक्य झालं तर छायाचित्र मागवावं. एका छायाचित्रात वरच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं असतात. उत्तर मिळालं की ते शब्दयादीत ग्राहकाच्या नावासकट आणि मापांसकट नोंदवावं, कारण तोच शब्द दुसऱ्या कारखान्यात दुसऱ्या जाडीच्या मालासाठी वापरात असू शकतो.